कॉलेजातही बडी हवा: नाशिकमध्ये शिकायला आलेल्या माजी सैनिकांसाठी

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी सकाळी साडेसहाला गेटवर उभा होतो. पहिला तास साडेसातचा. वॉचमन म्हणाला, "काका, पालकांची मीटिंग शनिवारी आहे." मी हातातली फाइल दाखवली. तो गप्प झाला आणि मीही. वय ३८, तोफखान्यात १७ वर्षे सेवा, हवालदार म्हणून पेन्शन आलेलो, आणि आता प्रथम वर्ष कला. आत जायला पाय उचलत नव्हता. तेवढ्यात मागून एक जण आला, माझ्या बुटांकडे बघितले आणि विचारले, "कुठली पलटण?" तो दुसऱ्या वर्षाला होता, ओझरहून हवाई दलातून निवृत्त झालेला. त्याने मला वर्गापर्यंत नेले, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसवले आणि म्हणाला, "इथून दारही दिसतं आणि फळाही. पहिले पंधरा दिवस इथंच बसा."

दार दिसणारी जागा त्याने का निवडली, हे मला न सांगता कळले. प्राध्यापकांना ते कळले नसते, घरच्यांनाही नाही.

तेव्हापासून माझे ठाम मत आहे की कॉलेजात येणाऱ्या माजी सैनिकाला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो त्याच्या एक वर्ष आधी त्याच वाटेने गेलेल्या माजी सैनिकाचा. क्लार्क मदत करतो, सर-मॅडम मदत करतात, पण त्यांना विचारावे लागते. आणि नव्या माणसाला नेमके काय विचारायचे हेच ठाऊक नसते. फौजेत आपण बडीशिवाय, म्हणजे जोडीदाराशिवाय, पोस्टवर गेलो नाही. एक झोपला तर दुसरा जागा. तीच रीत इथे लावायची, एवढेच मी पुढे सांगणार आहे.

अमेरिकेत हे काम बरेच आधी सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी त्यांनी १९४४ मध्ये जीआय बिल नावाचा कायदा केला आणि त्याच्या आधाराने सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. १९४७ मध्ये तिथल्या कॉलेजांत जवळपास निम्मे प्रवेश त्यांचे होते. वर्गात निम्मे फौजीच असतील तर एकटेपणा कसला वाटणार? पुढे ही संख्या घटली, माजी सैनिक वर्गात एकटा-दुकटा दिसू लागला, तेव्हा मुद्दाम जोड्या लावायची गरज पडली. माजी सैनिक विद्यार्थ्यांची तिथली राष्ट्रीय संघटना २००८ मध्ये उभी राहिली. मिशिगन विद्यापीठाने तर जुन्या माजी सैनिक विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन नव्यांचे सल्लागार करण्याचा कार्यक्रमच आखला. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की जुना विद्यार्थी नवा येऊन विचारेल याची वाट बघत बसत नाही, आपणहून त्याला गाठतो. आपल्याकडे वर्गात एखादाच फौजी असतो, त्यामुळे आपल्याला ही गोष्ट जास्तच लागू आहे.

आधी बडी शोधा, मग फॉर्म भरा

बहुतेक जण उलटे करतात. फॉर्म भरतात, फी भरतात, चुकतात आणि मग कोणाला तरी विचारतात. प्रवेशाच्या दोन महिने आधीच आपल्यासारखा एखादा शोधून काढा. नाशिकसारख्या ठिकाणी हे अवघड नाही. देवळालीला तोफखान्याची शाळा, नाशिक रोड कॅम्पात आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचे प्रशिक्षण, ओझरला हवाई दलाचा डेपो. शिवाय सिन्नर, निफाड, चांदवड, बागलाणकडचे कितीतरी फौजी मुलांच्या शाळेसाठी पाथर्डी फाटा, सिडको, भगूर अशा भागांत खोली घेऊन राहतात. माणसे आहेत, फक्त एकमेकांना माहीत नाहीत.

पहिली जागा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माजी सैनिकाचे ओळखपत्र काढायला तिथे जावेच लागते, तेव्हा टेबलावर विचारून घ्या की अलीकडे कोणी शिक्षणासाठी दाखला नेला का. दुसऱ्याचा नंबर ते देणार नाहीत, देऊही नये. पण तुमचा नंबर लिहून ठेवा आणि त्याला द्यायला सांगा. दुसरी जागा फौजी कँटीनची आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकची रांग. तिथे तासभर बसायचेच असते, शेजाऱ्याला विचारायला काय हरकत आहे?

तिसरी जागा सहसा कोणाला सुचत नाही आणि माझ्या अनुभवात तीच सगळ्यात उपयोगी: कॉलेजातला एनसीसी विभाग. एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक हे कॉलेजातले असे एकमेव माणूस असतात ज्यांना नायक आणि सुभेदार यांतला फरक सांगावा लागत नाही. एनसीसी बटालियनचे पीआय स्टाफ, म्हणजे कवायत शिकवणारे, तर चालू सेवेतले जवानच. त्यांच्याकडे जाऊन सरळ सांगा, "सर, मी माजी सैनिक आहे, पहिल्या वर्षाला प्रवेश घेतोय. आणखी कोणी आहे का?" असेल तर ते गाठ घालून देतात. नसेल तर पुढच्या वर्षी येणाऱ्याला ते तुमच्याकडे पाठवतील.

कागदांच्या अडचणी

इथे थोडा वेळ घ्या. आमच्यातल्या दोघांचे वर्ष कागदांपायीच गेले.

पहिली अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची. आपल्यातले बरेच जण बारावी झाल्यावर तालुक्याच्या कॉलेजात प्रथम वर्षाला नाव घालतात, तेवढ्यात भरती निघते आणि बिस्तरा उचलून निघून जातात. मूळ दाखला त्या कॉलेजात पडून राहतो. २० वर्षांनी नवे कॉलेज तो मागते. तेव्हा जुन्या कॉलेजात जाऊन आपले नाव कमी झाल्याचा दाखला आणावा लागतो, आणि जुन्या रजिस्टरमधून तो शोधायला दिवस जातात. हे काम मे महिन्यातच उरका.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक) शेवटी, आधारवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग वेगळे. आता क्रेडिट जमा होण्यासाठी जी एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढावी लागते ती आधारशी जोडलेली असते. नाव जुळले नाही की पुढे निकालापर्यंत त्रास. माझ्या बडीने मला एक कोरा कागद घ्यायला लावला आणि त्यावर पाच कागदांवरची पाच नावे एकाखाली एक, अक्षर न अक्षर, लिहून काढायला सांगितली. मी म्हटले, "सगळी सारखीच आहेत." लिहिल्यावर दिसले की माझ्या वडिलांचे नाव तीन प्रकारे लिहिले होते. मग मार्कलिस्टवरचे नाव प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घेतले. नव्या माणसाला तुम्हीही हा कागद समोर बसवून लिहायला लावा. तोंडी विचाराल तर तो "सगळं ओके आहे" असेच सांगेल, कारण ती आपली सवय आहे.

मधल्या वर्षांच्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र लागते. त्यात सेवेचा काळ डिस्चार्ज बुकाप्रमाणे तारखेनिशी लिहा. बारावी दुसऱ्या बोर्डाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढा, फक्त पहिल्या पानाची नको. आणि मूळ डिस्चार्ज बुक कोणत्याही टेबलावर सोडून येऊ नका.

तिसरी गोष्ट गैरसमजाची, आणि ती नव्या माणसाला बडीनेच सांगावी, कारण ऐकून मन खट्टू होते. १५ वर्षे सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट 'क' मधल्या पदवी लागणाऱ्या जागांसाठी पात्र धरता येते. त्याचे प्रमाणपत्रही रेकॉर्ड ऑफिसकडून मिळते. पण ती सवलत नोकरीपुरती आहे. तीन वर्षांच्या एलएलबीला किंवा बीएडला विद्यापीठाची पदवीच लागते. हे प्रमाणपत्र घेऊन प्रवेशाच्या खिडकीवर उभा राहिलेला आणि मागे फिरलेला फौजी मी पाहिला आहे. त्याला आधी कोणी सांगितले असते तर ती दुपार टळली असती.

रोज कॉलेज की मुक्त विद्यापीठ

नाशिकचे भाग्य असे की दोन्ही वाटा गावातच आहेत. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडला केटीएचएम, एचपीटी, बीवायके अशी जुनी कॉलेजे, आणि गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ पासून. रोजच्या कॉलेजला साधारण ७५ टक्के हजेरी लागते. तुम्ही सातपूर-अंबडला सिक्युरिटीची रात्रपाळी करत असाल तर सकाळचे कॉलेज दोन महिने जमते, तिसऱ्या महिन्यात अंग बोलते. तेव्हा मुक्त विद्यापीठ घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका.

मात्र मुक्त विद्यापीठात बडीची गरज जास्त आहे, कमी नाही. पुस्तके घरी असतात आणि ती कपाटात जातात. तिथे आठवड्यातून एकदा दोघांनी एकत्र बसायचे ठरवा. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले सावाना, १८४० पासून आहे. तिथल्या शांततेत दोन तास बसलो की घरच्या आठवडाभराच्या अभ्यासाइतके काम होते असा माझा अनुभव आहे.

बारावी राहिली असेल तर मुक्त शाळेतून ती करता येते. वय आड येत नाही.

जोडी कशी चालवायची

एका जुन्यामागे एक नवा, फार तर दोन. आम्ही एकदा एका उत्साही माणसाच्या गळ्यात पाच जण बांधले आणि पाचांपैकी कोणाकडेच नीट लक्ष गेले नाही.

भेटीची वेळ ठरलेली हवी. "कधीही फोन करा" असे सांगितले की कोणी फोन करत नाही. "दर मंगळवारी तास सुटला की कँटीनच्या मागच्या झाडाखाली" असे सांगितले की माणूस येतो, कारण वेळ आणि जागा दिली की आपली पावले तिकडे वळतात. पहिले सहा आठवडे ही भेट चुकवू नका. त्यानंतर पंधरा दिवसांनी चालेल. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा आठवड्याला या. जे कॉलेज सोडतात ते दिवाळीला गावी जातात आणि परत येत नाहीत, हे मी चार वर्षे पाहतो आहे.

रँक बाहेर ठेवायची. हे बोलायला सोपे आणि करायला कठीण. आमच्या गटात एक सुभेदार साहेब दुसऱ्या वर्षातल्या शिपायाकडून अकाउंट्स शिकत होते. शिपाई उभा राहूनच समजावून सांगायचा. शेवटी साहेबच म्हणाले, "इथं तू उस्ताद. बस खाली आणि माझ्या चुका काढ." त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना नावापुढे दादा किंवा भाऊ लावतो. साहेबांना मात्र साहेबच म्हणतो, ते जिभेवरून जात नाही आणि त्याने काही बिघडलेही नाही.

पैशांची देवघेव करू नका. बडीकडे बोललेले बडीकडेच राहते. याला एकच अपवाद आहे, तो पुढे सांगतो. आणि व्हॉट्सअॅप ग्रुप केलाच तर त्यात फक्त नोट्स, तारखा आणि भेटीची वेळ. सकाळच्या फुलांनी आणि राजकारणाने आमचा पहिला ग्रुप बुडवला. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख त्या गर्दीत दिसलीच नाही आणि तिघांना लेट फी भरावी लागली.

वर्गात १८ वर्षांच्या पोरांबरोबर

पहिल्या महिन्यात कोणीतरी विचारतेच, "अंकल, तुम्ही किती जणांना मारलं?" पोर वाईट नसते, त्याने ते सिनेमात पाहिलेले असते. पण त्या क्षणी तुमच्या मानेची शीर ताठ होते. बडीने हा प्रश्न आधीच विचारून ठेवावा आणि उत्तर घोटून घ्यावे. माझे उत्तर असते, "त्याबद्दल मी बोलत नाही. लेहमधल्या थंडीबद्दल विचार, तासभर सांगतो." पोरे थंडीबद्दल खरेच विचारतात आणि तिथून मैत्री होते.

ही मैत्री करा. फौजी बडी वाट दाखवतो, पण पीपीटी कशी करायची, पोर्टलवर लॉगिन कसे करायचे, कुठले सर इंटर्नलला काय विचारतात, हे ती १८ वर्षांची पोरेच शिकवतात. बदल्यात त्यांना भरतीची धाव कशी काढायची ते सांगा. आमच्या वर्गातली एक मुलगी मला रोज दहा मिनिटे इंग्रजी वाचायला लावायची आणि चुकले की "परत" म्हणायची. तिच्याइतका कडक उस्ताद मला सेंटरमध्येही भेटला नव्हता.

सर वर्गात आले की तुम्ही खाडकन उभे राहाल. राहा. पण वयाने लहान प्राध्यापकाला "जय हिंद सर" असे गरजून सांगितले की तो बिचारा अवघडतो. त्यांना पहिल्या आठवड्यात एकट्यात भेटून सांगा की तुम्ही कोण आहात आणि कुठे अडचण येईल. दार दिसणारी जागा हवी असेल तर तीही मागून घ्या. आणखी एक: २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला दरवेळी तुम्हालाच भाषणाला उभे करतात. आवडत असेल तर करा. आवडत नसेल तर नाही म्हणा, आणि नव्याच्या वतीने बडीने नाही म्हणावे.

लिहिण्याचा हात

सगळ्यात मोठी अडचण ही, आणि हिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

१७ वर्षे आपण काय लिहितो? छुट्टीची अर्जी, ड्युटी रजिस्टर, सामानाची यादी. सगळे हिंदीत आणि सगळे दोन ओळींत. माझ्या पहिल्या चाचणीत १० गुणांच्या प्रश्नाला मी चार ओळी लिहिल्या होत्या. चारही बरोबर होत्या. मॅडमनी विचारले, "बाकीचं कुठे आहे?" मला वाटत होते की मुद्दा सांगून झाल्यावर बोलणे हा वेळेचा अपव्यय. पेपरात मात्र तोच मुद्दा उलगडून, कारण देऊन, उदाहरण देऊन सांगायचा असतो.

भाषेचेही तसेच. मराठी माझी आईची भाषा, पण उत्तरपत्रिकेत मी लिहिले होते, "पुलिसने सामान बरामद केले व मुलजिम फरार झाला." मॅडमनी लाल पेनने तीन शब्दांखाली रेघा ओढल्या. मला त्या रेघा का ओढल्या हेच समजेना, मला ते मराठीच वाटत होते. ती उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे आणि दरवर्षी नव्याला दाखवतो. ती बघितली की तो मोकळा होतो आणि स्वतःची वही पिशवीतून बाहेर काढतो. नव्याची लाज घालवायला उपदेशापेक्षा आपला नापास पेपर दाखवणे जास्त कामी येते.

उपाय असा. रोज सकाळी दोन पाने, आखीव कागदावर, घड्याळ लावून. पहिला आठवडा पेपरातले जसेच्या तसे उतरवून काढा, कारण आधी बोटांना सवय हवी. दुसऱ्या पानावर हात आखडतो, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, ती महिन्याभरात जाते. दुसऱ्या आठवड्यापासून एक प्रश्न घ्या आणि बडीला तोंडी शिकवा, जसा आपण नव्या रंगरुटाला तोफेचा भाग खोलून शिकवतो: हे काय आहे, कशासाठी आहे, कसे चालते, बिघडले तर काय होते. या चार प्रश्नांत अर्थशास्त्रातली महागाईसुद्धा बसते. बोलून झाले की लगेच तेच लिहून काढा. बडीने वाचायचे, हिंदी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढायची आणि फार बोलायचे नाही.

रात्रीचे फोन

इंग्रजीत वेड लागल्याला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून पडला. ब्रिटिश काळी नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत. काम नाही, पलटण सुटलेली, घर अजून आलेले नाही. त्या मधल्या काळात कित्येकांची डोकी फिरत. मला ही माहिती कळली तेव्हा बरे वाटले. पलटण सुटणे आणि नवे आयुष्य लागणे यांच्यामधली जागा माणसाला जड जाते, हे इथल्या मातीला आपल्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू असले की मला अजून गाढ झोप लागते. माझ्याच इमारतीतला एक जण त्याच आवाजाने रात्रभर गॅलरीत उभा असतो. तेव्हा आपल्यावरून दुसऱ्याला जोखू नका. लक्ष कशाकडे ठेवायचे? दोन दिवस निरोपाशिवाय गैरहजर. वर्गात छोट्या गोष्टीवरून आवाज चढणे. दिवाळीच्या फटाक्यांत घराबाहेर न पडणे. फौजी कँटीनचा दारूचा कोटा महिन्याच्या पाच तारखेला संपणे. मंगळवारच्या भेटीला "काम आहे" असे सलग दोनदा सांगणे.

असे दिसले की "काय झालं?" असे समोर बसून विचारू नका, उत्तर "काही नाही" येईल. "चल, पांडवलेणी चढून येऊ" म्हणा. पायऱ्या चढताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, दम लागलेला असतो, आणि खाली येताना माणूस बोलतो. तो बोलायला लागला की स्वतःच्या पोस्टिंगची कहाणी मध्ये घुसवू नका. "एवढ्यानं काय होतं, आपण फौजी आहोत" हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. मला ते एकदा एकाने ऐकवले होते आणि त्यानंतर मी वर्षभर कोणाला काही सांगितले नाही.

आणि आपली हद्द ओळखा. झोप उडालेली असेल, दारू वाढली असेल, तर तो विषय डॉक्टरांचा. ईसीएचएसमध्ये दाखवा, बडीने सोबत जाऊन रांगेत बसावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६. ती २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते. सैन्यदलातल्या लोकांसाठी तिचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलाचे वैद्यकीय महाविद्यालय) डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. हा क्रमांक पहिल्याच भेटीत दोघांनी एकमेकांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवायचा, गरज पडेल तेव्हा शोधत बसायचे नाही.

वर म्हटलेला अपवाद हाच. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, चेष्टेत केली तरीही, तर गुपित पाळू नका. त्याला सरळ विचारा की असे विचार मनात येतात का. विचारल्याने विचार येत नाहीत. त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना कळवा, रात्र असली तरी जवळच्या रुग्णालयात न्या. तो रागावेल. रागावू दे.

घर आणि खिसा

आपण बाहेर होतो तेव्हा घर बायकोने चालवले. मुलांच्या शाळा, सासू-सासऱ्यांची दुखणी, शेताचा बांध, सगळे तिने निस्तरले. तिला वाटते आता हा आला, थोडा भार हलका होईल. आणि आपण सांगतो की मी कॉलेजला चाललो. तिला न विचारता प्रवेश घेऊ नका. शक्य असेल तर तुमची आणि बडीची कुटुंबे एकदा एकत्र जेवू द्या. माझ्या घरचा विरोध माझ्या बोलण्याने गेला नाही, बडीच्या घरच्या वहिनींशी बोलून गेला.

पैशांचे थोडक्यात सांगतो. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहे, तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांना, मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. ती तुम्हाला स्वतःला मिळत नाही, पण तुमचे मूल बारावीला असेल तर अर्जाची तारीख चुकवू नका. 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवरचा हयातीचा दाखला वेळेवर भरा, परीक्षेच्या धांदलीत विसरतो आणि पेन्शन अडकते. केंद्राच्या भरतीत वयातून सेवेची वर्षे आणि वर तीन वर्षे वजा होतात, म्हणून चाळिशीतही घाई नाही. पदवी पूर्ण करायला वेळ आहे. एकरकमी फी घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या कोणत्याही क्लासला फंडाचे पैसे देण्याआधी दोन जुन्या माजी सैनिकांना विचारा.

वीरपत्नी आणि अग्निवीर

गटात वीरपत्नी येत असतील तर त्यांच्यासाठी दुसरी वीरपत्नीच बडी म्हणून शोधा, वर्ष लागले तरी चालेल. तोवर एखादी निवृत्त परिचारिका किंवा माजी महिला अधिकारी. आमच्याकडे एक ताई आल्या तेव्हा आम्ही सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागलो. तिसऱ्या भेटीला त्या म्हणाल्या, "मला संख्याशास्त्र अडतंय, ते कोणाला येतं?" तेव्हा आम्ही भानावर आलो. त्या शिकायला आल्या होत्या, सांत्वनाला नाही.

अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. चार वर्षांनी तिच्यातून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी २५ टक्क्यांपर्यंत सैन्यात कायम होणार, बाकीचे परत येणार. पंचविशीच्या आतबाहेरची ही पोरे, हातात सेवानिधीची एकरकमी रक्कम, पण पेन्शन नाही. वयाने ती वर्गात सहज मिसळतील आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येणार नाहीत. त्यांना "तू कसला फौजी, चारच वर्षं" असे म्हणणारा कोणी आपल्या गटात असेल तर त्याला आधीच समजावून ठेवा. पदवीसाठी त्यांच्या सेवेतल्या प्रशिक्षणाचे क्रेडिट धरणारा इग्नूचा अभ्यासक्रम आहे, त्यात अर्धी क्रेडिट तिथूनच मिळतात. परत येणाऱ्या पोराला हे सांगणारा माणूस स्टेशनवरच भेटायला हवा.

चार्ज देताना

कोणीही चार्ज दिल्याशिवाय पोस्ट सोडत नाही. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा झाल्या की आमच्याकडे एक २०० पानी वही पुढच्याकडे जाते. तिच्यात काय असते? कुठल्या खिडकीवर कुठला कागद, कोणते क्लार्क अकराच्या आधी भेटतात, देवळालीहून सिटीलिंक कुठे बदलायची, कोणत्या विषयाच्या नोट्स कोणाकडे, आणि कुठे काय चुकले. चुका लिहिताना कोणाचे नाव लिहायचे नाही, फक्त चूक आणि तिचा उपाय.

वही संगणकावर घ्यायचा विषय दोनदा निघाला आणि दोनदा आम्ही तो बाजूला ठेवला. नव्या माणसाला ती पहिल्याच मंगळवारी द्या, वाचायला दोन दिवस द्या, आणि परत घेताना त्याच्याकडून तिच्यात अर्धे पान लिहून घ्या: गेटपासून वर्गापर्यंत त्याला काय अडले ते. हिंदी शब्द आले तर येऊ द्या.